मदत हवी आहे : मुलांचे नकाशे एकमेकांना जोडायचे कसे?
नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत चौथीला शिकवते. मुलं गटागटाने गांधी गेट ते गांधीसागर तलाव हा परिसर कागदावर उतरवताहेत. दुकानं, झाडं, विहिरी. शिवाय आजी-आजोबांकडून कळलेली ‘जुम्मा दरवाजा’, ‘शुक्रवारी तलाव’ ही जुनी नावंही. अडचण नकाशे जोडताना येते. पावलं मोजून अंतरं घेतली, पण प्रत्येकाचं पाऊल वेगळं. चौकटीचा कागद दिला, तरी एका गटाचा तर्री-पोह्याचा ठेला गांधी गेटपेक्षा मोठा! तो मला पुसायचा नाही, त्यांच्या लेखी तो तेवढाच महत्त्वाचा आहे.

मोबाइल नको, छापील नकाशाही नको. लांब टेप एकच आहे आणि बाहेर पडायला सकाळचा तासभरच मिळतो. मुलांची चित्रं तशीच ठेवून भिंतीवर एक मोठा नकाशा जुळवायचा, तर आधी काय पक्कं करून द्यावं : रस्त्यांचा सांगाडा की पावलाचं माप?