टोकन द्यावं की थांबावं? शनिवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर

सचिव: उद्या रविवारी सकाळी ८ ते ११ गच्चीवरच्या टाक्या धुणार आहेत. आजच पाणी भरून ठेवा. उद्या 'पाणी का नाही' म्हणून मला फोन करू नका.

बी-४०२: सचिवसाहेब, पाण्याच्या मेसेजखाली हे टाकतोय, रागावू नका. आमच्या घरमालकांनी जागा सोडायला सांगितलीय हे बहुतेकांना माहीत आहे. एका नव्या इमारतीत फ्लॅट बघितला, काम अजून चालू आहे. बिल्डरचा माणूस म्हणतो, अक्षय्य तृतीयेच्या आत वीस टक्के भरा, नंतर हा भाव नाही. आईच्या आग्रहाखातर पत्रिका दाखवली तर गुरुजी म्हणाले, कन्या लग्न (म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास कन्या), चतुर्थात म्हणजे घराच्या स्थानी मंगळ-शनी युती, वर मीन राशीला साडेसाती. अकरा महिने घराचं नाव काढू नका. आता इकडे आड, तिकडे विहीर. ए-१०१ काका, तुम्ही पत्रिका बघता असं ऐकलंय.

डी-५०१: बिल्डर म्हणतो आत्ताच, गुरुजी म्हणतात आत्ता नको. दोघांनाही तुझ्या घराची फार काळजी.

ए-१०१ काका: पत्रिका पाठव. ग्रुपवर नको, मला वेगळी पाठव.

बी-४०२: (हा मेसेज डिलीट केला आहे)

डी-५०१: आम्ही काही बघितलं नाही. 🙂

बी-४०२: सॉरी. आता काकांना पाठवली.

ए-१०१ काका: मिळाली. जेवून बघतो. तोवर सगळ्यांसाठी चार शब्द लिहितो, कारण 'घराचा योग आहे का' असं विचारायला महिन्यातून दोघं तरी येतात. आधी सांगतो, मी पैसे घेत नाही, हौस म्हणून तीस वर्षं वाचतोय.

पत्रिकेतल्या बारा स्थानांपैकी घराचं स्थान चौथं. त्यालाच सुखस्थान म्हणतात, आई, वाहन, जमीनजुमला सगळं तिथेच. तिथे कोणता ग्रह बसलाय यापेक्षा त्या राशीचा स्वामी, म्हणजे चतुर्थेश, कुठे आणि कशा अवस्थेत आहे ते मी आधी बघतो. मग मंगळ, कारण तो भूमीचा कारक, म्हणजे जमिनीचं फळ देणारा. घरातल्या सुखसोयींसाठी शुक्र, जुन्या वास्तूसाठी आणि उशिरासाठी शनी. पैसा कुठून येणार त्यासाठी दुसरं आणि अकरावं. कर्ज काढून घ्यायचं असेल, म्हणजे आजकाल सगळ्यांनाच, तर सहावं. बाराव्याला लोक उगाच घाबरतात. तो व्यय खरा, पण घर घेताना खिशातून पैसे जाणारच की. कृष्णमूर्ती नावाच्या ज्योतिषांच्या पद्धतीवाले तर खरेदीसाठी चार, अकरा, बारा ही तीन स्थानं एकत्र लागतात असं मानतात आणि विक्रीसाठी तीन, पाच, दहा. त्याच्या जोडीला चतुर्थांश कुंडली असते, एका राशीचे साडेसात-साडेसात अंशांचे चार भाग करून मांडलेली. वास्तूचं बारीक त्यात दिसतं.

एवढं असून नुसत्या योगाने काही होत नाही. दशा, म्हणजे त्या ग्रहाचा काळ, यावी लागते. विंशोत्तरी या दशा मोजायच्या पद्धतीत एकूण १२० वर्षं, त्यात शुक्राची २०, रवीची ६, चंद्राची १०, मंगळाची ७, असे वाटे पडलेले. ज्या ग्रहाचा चौथ्याशी संबंध त्याची दशा किंवा अंतर्दशा (दशेच्या पोटातला छोटा काळ) चालू असताना घर होतं. गोचर, म्हणजे ग्रह आज कुठे आहेत ते, सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, गोचरीचा शनी आधी बघतात आणि त्यावरच अडून बसतात.

ए-३०४ काकू: काका, दार कुठल्या दिशेला आहे ते विचारा ना आधी. नैऋत्येला स्वयंपाकघर असेल तर पत्रिका कितीही चांगली असो.

ए-१०१ काका: वहिनी, वास्तू वेगळी, ज्योतिष वेगळं. एका वेळी एकच भांडण.

डी-५०१: साडेसातीबद्दल माझं एक साधं गणित. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. तो चंद्रराशीच्या बाराव्या, पहिल्या आणि दुसऱ्या राशीत असेल तर साडेसाती. म्हणजे कधीही बघा, बारातल्या तीन राशी साडेसातीत. आत्ता कुंभ, मीन, मेष. त्यात चौथ्या आणि आठव्या शनीची अडीचकी धरा, म्हणजे धनू आणि सिंह. झाल्या बारातल्या पाच. जवळजवळ निम्म्या देशाने घर घ्यायचं नाही? मग रजिस्टर ऑफिसातली गर्दी कोणाची असते?

ए-१०१ काका: हे बरोबर आहे, म्हणूनच मी साडेसातीवरून कधी नाही म्हणत नाही. साडेसातीत घर झालेले कितीतरी आहेत. शनी कष्ट करायला लावतो, ईएमआय म्हणजे दुसरं काय आहे?

डी-५०१: काका, तुम्ही सरळ आहात म्हणून विचारतो. २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ यांनी चाचणी घेतली होती. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०, हुशार कोण ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात जास्त बरोबर आली ती ४० पैकी २४. बहुतेकांची २० किंवा त्याहून कमी. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

ए-१०१ काका: माहीत आहे. तेव्हा पेपरात पुष्कळ वाद झाला होता. एवढंच म्हणेन की ती बुद्धीची परीक्षा होती, घराची नव्हे.

डी-५०१: मग घराची घ्या की. या सोसायटीत ज्यांनी जागा घेतल्या त्यांच्या पत्रिका आणि भाडेकरूंच्या पत्रिका मिसळून देतो.

ए-१०१ काका: द्या. पण दोन्हीकडच्या जन्मवेळा खऱ्या पाहिजेत, तिथेच घोडं पेंड खातं. त्यावरून आठवलं. चारशे दोन, पत्रिकेत वेळ ७:५० संध्याकाळ लिहिली आहे. ती कुणी सांगितली?

बी-४०२: दवाखान्याच्या कार्डावर आहे. पक्की.

ए-१०१ काका: आईंना एकदा विचार. कार्डावरची वेळ पुष्कळदा नर्स बाहेर येऊन लिहिते ती असते.

बी-४०२: विचारतो.

सचिव: मंडळी, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

सी-२०३ वकीलताई: सचिव, पाच मिनिटं द्या, कारण इथे पैसे बुडायचं बघतेय. चारशे दोन, वीस टक्के कसले? नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याचं कलम १३. तो 'सगळे देतात' म्हणेल. म्हणू दे.

दुसरं, प्रकल्पाचा महारेरा (राज्याचं रेरा प्राधिकरण) नंबर घे आणि साइटवर जाऊन बघ. ताबा द्यायची तारीख किती वेळा पुढे ढकलली, किती फ्लॅट विकले गेले, जमिनीवर बोजा आहे का, कोर्टात काही चालू आहे का, हे सगळं तिथे त्याने स्वतः भरलेलं असतं. काकांच्या भाषेत सांगायचं तर आधी बिल्डरची पत्रिका बघ, तुझी नंतर.

डी-५०१: आणि तिची जन्मवेळ सरकारदरबारी नोंदलेली असते.

ए-१०१ काका: 😄 ताईंचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

बी-४०२: ताई, समजा करार करायचा ठरला आणि मुहूर्त नेमका सुट्टीच्या दिवशी आला तर? नोंदणीचं ऑफिस बंद असतं. आई मुहूर्ताशिवाय सही करू देणार नाही.

सी-२०३ वकीलताई: मुद्रांक शुल्क आधी भरून ठेव. मुहूर्तावर घरी देवासमोर सह्या करा. करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला दाखल करायचा असतो, १९०८ चा नोंदणी कायदा. मुहूर्त सहीला, ऑफिस तुमच्या सवडीने. पण मुद्दाम चार महिने लावू नकोस, बँक करार नोंदल्याशिवाय कर्ज सोडत नाही.

ए-३०४ काकू: आणि लवकर उरका, यंदा (२०२६) १७ मे पासून अधिक ज्येष्ठ लागतोय, १५ जूनपर्यंत. अधिकात कोणी नवी वास्तू करत नाही.

ए-१०१ काका: वहिनी, सगळ्या पंचांगांत अधिक मास दर वेळी एकच येतो असं समजू नका. टिळक पंचांगाचा अयनांश (राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची ते गणित) वेगळा, दात्यांचा वेगळा. काही वर्षी एकाचा अधिक महिना दुसऱ्याला मान्य नसतो. आमच्या घरी वडील टिळक पंचांगवाले आणि आजोळ दात्यांचं. एका वर्षी दिवाळी दोनदा झाली, आम्हा मुलांची चंगळ.

बी-४०२: काका, आईला विचारलं. आई म्हणते, ७:५० ला बाळाला बाहेर आणून आजीला दाखवलं, ती वेळ कार्डावर. जन्म त्याआधी. दिवेलागण होऊन थोडा वेळ झाला होता, बाहेर पूर्ण अंधारही नव्हता. म्हणजे सात ते सव्वासात, असं तिचं म्हणणं.

ए-१०१ काका: बघ. मला हेच वाटलं होतं. आता ऐक, हे नीट सांगतो.

लग्न साधारण दोन तासांत बदलतं. तुझ्या जन्मदिवशी रवी कुंभेत मध्यावर, म्हणजे सूर्यास्ताला समोरची सिंह रास उगवत होती, तीही निम्मी उलटलेली. सिंह संपून कन्या लागायची वेळ ७:४० च्या आसपास येते. म्हणजे ७:५० धरलं तर कन्या, सव्वासात धरलं तर सिंह. गुरुजींनी कार्ड बघून कन्या लग्न मांडलं, त्यांची काही चूक नाही. कन्येला चौथी रास धनू, तिथे मंगळ आणि शनी जवळजवळ एका अंशात. त्यातला मंगळ तर कन्येला अष्टमेश, म्हणजे अडचणींच्या आठव्या स्थानाचा मालक. कोणीही थांब म्हणेल. पण सिंह लग्न घेतलं तर तीच जोडी पाचव्यात सरकते. चौथी रास वृश्चिक होते, तिचा स्वामी मंगळ, आणि सिंहेला मंगळ चौथ्याचा नि नवव्याचा मालक, म्हणजे योगकारक, खास शुभ फळ देणारा. मिथुनेचा गुरू अकराव्यात. घराचा योग आहे, कर्ज काढून, धावपळ करून, पण आहे.

आता दुसरी गंमत. दशा चंद्राच्या अंशावर काढतात. तुझा चंद्र रेवतीत, जन्मदशा बुधाची, तिची १७ वर्षं. चंद्र अर्ध्या तासात पाव अंशापेक्षा किंचित जास्त सरकतो. नक्षत्र तेरा अंश वीस कलांचं, त्यात १७ वर्षं बसवली तर अर्ध्या तासाच्या फरकाने पुढच्या सगळ्या दशा सुमारे चार महिन्यांनी हलतात. म्हणजे 'अकरा महिने थांबा' म्हणताना त्यातले चार महिने नर्सच्या घड्याळाचे असू शकतात. आणि चतुर्थांशाचं लग्न तर दर अर्ध्या तासाला बदलतं. म्हणून मी घराबाबत कोणालाही महिना सांगत नाही. वर्ष सांगतो, तेही आढेवेढे घेत.

गोचर विचारशील तर गुरू २ जूनला कर्केत जातो, उच्चीचा, म्हणजे सगळ्यात बलवान. तिथून त्याची नजर पाचव्या राशीवर पडते, वृश्चिकेवर, म्हणजे तुझ्या चौथ्यावर.

डी-५०१: काका, आणि कन्या लग्न धरलं तर?

ए-१०१ काका: तर चतुर्थेश गुरूच होतो आणि तो अकराव्यात उच्चीचा येतो. तेही चांगलंच.

डी-५०१: दोन्हीकडून चांगलंच! मग लग्नावर एवढा वेळ का घालवला?

ए-१०१ काका: प्रश्न रास्त आहे. उत्तर उद्या देतो, आता झोपेची वेळ झाली.

सी-२०३ वकीलताई: काका पहिल्यांदाच निरुत्तर. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

बी-४०२: काका, म्हणजे घेऊ का?

ए-१०१ काका: हे मी सांगणार नाही. आईंना माझं नाव सांग, म्हणावं साडेसाती आडवी येत नाही, त्यांच्या मनाचं ओझं उतरेल. पण टोकन ताईंनी सांगितलेलं सगळं बघितल्यावरच. आणि घर कोणाच्या नावावर घेताय? कधी कधी नवऱ्याच्या पत्रिकेत चौथं दुबळं आणि बायकोचं भक्कम असतं. मी अशा वेळी तिच्या नावावर घ्या सांगतो.

सी-२०३ वकीलताई: हे मात्र सोन्यासारखं सांगितलंत. खरेदीदार म्हणून फक्त महिलेचं नाव असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. कर्जाला नवरा सहअर्जदार राहू शकतो, बँकेशी आधी बोलून घ्या.

डी-५०१: पत्रिकेचा हा एकमेव सल्ला ज्याची पावती मिळते.

बी-४०२ वहिनी: मी पण या ग्रुपवर आहे. दीड तास वाचतेय. घराचे हप्ते निम्मे माझ्या पगारातून जाणार आहेत, पण माझी पत्रिका आत्तापर्यंत कोणी मागितली नव्हती.

सी-२०३ वकीलताई: 👏👏

बी-४०२: अगं, तू आत किचनमध्येच आहेस ना? इथे काय लिहितेस?

बी-४०२ वहिनी: इथे लिहिलं तर वाचतोस तरी. मी महारेराची साइट उघडून बसलेय. ताई, ताब्याची तारीख दोनदा पुढे गेलेली दिसतेय. हे वाईट का?

सी-२०३ वकीलताई: मुदतवाढीचं कारण काय दिलंय ते बघ. उद्या अकराला खाली ये, माझ्याकडे बसून सगळं वाचू. तोवर एक पैसा देऊ नका.

ए-१०१ काका: सूनबाई, चुकलं माझं. तुझी पत्रिका पाठव, आधी तीच बघतो.

बी-४०२ वहिनी: काका, माझी पत्रिकाच नाही. आम्ही चौघी बहिणी, आईला कोणाचीच वेळ नीट आठवत नाही. मी पहाटेची की माझ्या पाठची, यावरच अजून वाद आहे.

ए-१०१ काका: हरकत नाही. प्रश्नकुंडली मांडू, तिला जन्मवेळ लागत नाही. कृष्णमूर्तींची रीत आहे, प्रश्न मनात धरून एक आकडा सांगायचा.

बी-४०२ वहिनी: ४०२.

ए-१०१ काका: तो चालत नाही गं. १ ते २४९ मधलाच लागतो.

बी-४०२ वहिनी: मग ११. उद्या अकरा वाजता ताईंकडे.

सचिव: अकरापर्यंत पाणी येणार नाही. पुन्हा सांगतो, आजच भरून ठेवा.