मन वळवणारा निबंध: भावना आहे, पण पटत का नाही?

प्रश्न – अकरावी_कोथरूड
नमस्कार. महाविद्यालयाच्या निबंध स्पर्धेसाठी मी ‘वेताळ टेकडीवरून रस्ता नको’ या विषयावर लिहीत आहे. सुरुवात अशी केली आहे: ‘टेकड्या ही पुण्याची फुप्फुसे आहेत, त्या वाचवणे आपले कर्तव्य नव्हे काय?’ आमच्या बाईंच्या मते, ज्यांना हे आधीच पटले आहे तेच माना डोलावतील. रस्ता हवा असणारा वाचक जागचा हलणार नाही. त्याचे मन वळवायचे तर नेमके काय बदलावे?

उत्तर – रोजचा_प्रवासी
तो वाचक मीच आहे. रोज संध्याकाळी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या कोंडीत अडकतो आणि टेकडीवरून जाणारा बालभारती ते पौड फाटा रस्ता झाला तर सुटका होईल, असे मला मनापासून वाटते. तुमच्या सुरुवातीत माझी ही अडचण कुठेच नाही, उलट मी कर्तव्याला चुकलो असा सूर आहे. आपल्याकडे शास्त्रार्थात, म्हणजे विद्वानांच्या वादचर्चेत, आधी पूर्वपक्ष (समोरच्याचे म्हणणे) मांडायची रीत होती. तो प्रतिपक्षालाही मान्य व्हावा इतक्या प्रामाणिकपणे मांडावा आणि मगच खंडनाला हात घालावा. कोंडी खरी आहे हे पहिल्याच परिच्छेदात मान्य करा. मग नवा रस्ताही वाहनांनी पुन्हा का भरतो, टेकडीच्या उतारावर मुरणारे पावसाचे पाणी पुढे कुठे जाईल, हे मी नक्की वाचेन.

उत्तर – निवृत्त_शिक्षिका
वरील मुद्द्याला पुण्यातलेच उदाहरण जोडते. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन अवश्य वाच. आपला शिक्षणाचा अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांतला आहे, असे ते आरंभीच सांगतात. म्हणजे बोलण्याचा अधिकार आधी सिद्ध होतो. नंतर ते सरकारपुढे सरकारचाच हिशोब ठेवतात: महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. आणि मागणी किती नेमकी, तर किमान 12 वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे! अॅरिस्टॉटलने वक्त्याची विश्वासार्हता, तर्क आणि भावना अशी मन वळवण्याची तीन साधने सांगितली आहेत. या निवेदनात तिन्ही आहेत, पण भावना तर्काच्या खांद्यावरून येते, म्हणूनच ती नाकारता येत नाही. तुझ्या निबंधात रस्त्याऐवजी नेमके काय हवे, ही मागणी अजून आलेली नाही. ती आधी ठरव.

उत्तर – वादसभा_पुणे
तंत्राविषयी थोडेसे. उत्तर अपेक्षित नसलेला प्रश्न आरंभी विचारला की विरोधी वाचक मनातल्या मनात ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. पुरावा मांडून झाल्यावर, तोही एकदाच विचारावा. ‘फुप्फुसे’ हा शब्द वापरून गुळगुळीत झाला आहे. त्याऐवजी टेकडीवर एकदा जाऊन या आणि तिथे प्रत्यक्ष दिसलेली एकच गोष्ट, एखादी पाण्याने भरलेली जुनी खाण किंवा पायवाटेवर थांबून पक्षी पाहणारे आजोबा, दोन वाक्यांत लिहा. आकडा दिलात तर तो कुठून घेतला, हे त्याच वाक्यात सांगा.