मदत हवी आहे: मांजर रात्री मोजा तोंडात धरून घरभर रडत फिरते

जाई_मार्दोळ (मंगळवार, रात्री ११:४०)
आमची चिंगी गेले आठ दिवस रात्री निजानीज झाली की भाचीचा लोकरीचा मोजा तोंडात धरते आणि पडवी, माजघर, स्वयंपाकघर असं रडत फिरते. नेहमीचं म्यांव नाही, घशातून येणारा लांब आवाज. मग मोजा सिलिंडरच्या मागे नेऊन ठेवते, पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने त्यावर दाबत बसते, कणीक मळल्यासारखी, आणि चोखते. मोजा काढून घेतला तर दुसरं काहीतरी उचलते. पायपुसणं झालं, स्पंज झाला, काल कानटोपी. चवथ (गणेशचतुर्थी) दहा दिवसांवर आली आहे, घरात बावीस माणसं येणार. सासूबाई म्हणतात रात्रीचं मांजर रडणं बरं नव्हे, तिला बाहेर ठेव. मला तिला बाहेर ठेवायचं नाही. हे कशाने होतं आणि कसं थांबवायचं, एवढंच सांगा. खातेपिते व्यवस्थित, आजारी नाही.

रानवाट
वय किती? नसबंदीचं ऑपरेशन झालंय का? घरी कुठून आली, किती लहान होती? हे आठ दिवसांतच सुरू झालं की आधीपासून थोडंफार होतं? एवढं कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगेल.

भाटातला
माहिती कशाला हवी, स्पष्टच आहे. ही खोटी गाभण आहे. मांजरीचं बीजांड सहसा बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं. संग झाला पण पिल्लं राहिली नाहीत, तर महिना-सव्वा महिना शरीर गाभण असल्यासारखं वागतं. मग मऊ वस्तूच पिल्लू. मानेला धरून न्यायची, आडोशाला ठेवायची, हाका मारायच्या. आमच्या सावईच्या घरी एक होती, ती काथ्याची चुंबळ न्यायची. मोजा काढून घेऊ नका, आपोआप संपेल.

जाई_मार्दोळ
ऑपरेशन फेब्रुवारीतच झालंय. वय दीड वर्ष. प्रश्न नीट वाचा हो, मला थांबवायचं कसं ते हवंय.

भाटातला
प्रश्नात ऑपरेशनचा उल्लेख नव्हता, ताई. तरीही माझं मत तेच. कधीकधी बीजांडकोशाचा बारीक तुकडा आत राहतो आणि मांजर पुन्हा माजावर येते.

रानवाट
भाटातला, एक गोष्ट जुळत नाही. पिल्लाला उचलून नेते ती आई. पण चोखतं ते पिल्लू. चिंगी मोजा चोखते आहे. म्हणजे ती मोज्याला पिल्लू नव्हे, आई समजते आहे. आणि तुकडा राहिला असता तर लोळणं, मागचा भाग वर करणं, शेपूट बाजूला घेणं दिसलं असतं. तसं काही आहे का, ताई?

जाई_मार्दोळ
नाही. तसं काहीच नाही.

तीन_मांजरं_एक_घर
रानवाट यांना +१. हे मळणं कुठून येतं ते सांगते, म्हणजे घाबरणार नाही. वासरू गायीच्या कासेला ढुशा देतं ना, पान्हा सोडायला? मांजराचं पिल्लू तेच पंजांनी करतं. आईच्या पोटावर दाबलं की दूध उतरतं. ऊब, दूध, आईची घुरघुर आणि पंजांचं दाबणं, हे सगळं त्या वयात एकत्र बांधलं जातं. मोठं झाल्यावर दूध जातं, दाबणं उरतं. शांत वाटलं की करतात, आणि शांत व्हायचं असलं तरीही करतात. दुसरं म्हणजे पंजाच्या गाद्यांमध्ये गंधाच्या ग्रंथी असतात. ज्यावर मळतात त्याला स्वतःचा वास लागतो. ती जागा मग त्यांची.

ज्या पिल्लांचं दूध लवकर तुटतं त्यांच्यात कापड-लोकर चोखणं जास्त दिसतं असं बरेच डॉक्टर सांगतात. हेलसिंकी विद्यापीठाने २०१७ साली पाच हजारांवर मांजरांच्या मालकांकडून माहिती घेतली होती. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्यांमध्ये आक्रमकपणा जास्त निघाला. उशिरापर्यंत आईजवळ राहिलेल्यांमध्ये तेच ते पुन्हा करत राहण्याच्या सवयी कमी. चिंगी किती दिवसांची असताना आली?

पोदेराचा_शेजारी
आमच्या घरी या मळण्याला ‘पोदेर (पाववाला) बसला’ म्हणतात. अवांतर: आता पोदेरही हाताने मळत नाहीत, यंत्र आलं. आणि सुरेवर (माडीवर) फुगवलेल्या पिठाची पोय, म्हणजे आपला गोव्याचा पाव, मिळते का हल्ली कुठे फोंड्यात? सगळीकडे यीस्ट.

भाटातला
बांदोड्याच्या बाजूला एक पोदेर अजून सूर घालतो. पण माडी काढणारे रेंदेरच उरले नाहीत तर सूर येणार कुठून?

पोदेराचा_शेजारी
अगदी. आमच्या वाड्यावरचे दोन्ही रेंदेर गेले, मुलं बोटीवर.

मडगावकर७
रेबीजची लस दिली आहे का ते आधी पाहा. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तो कुत्र्यांना घरोघर लस दिली म्हणून. मांजरांची लस मात्र लोक विसरतात. भाची लहान असेल तर ओरखड्याकडेही दुर्लक्ष नको.

जाई_मार्दोळ
लस दिली आहे. कृपया विषयावर राहा.

पावसात पंपाच्या खोलीत सापडली होती. डोळे उघडले होते, दात नुकते फुटत होते. ड्रॉपरने दूध पाजून वाढवली.

निळी_छत्री
एवढी रडते म्हणजे कुठेतरी दुखत असणार. लहान मुलांना तापाला देतो ते औषध दोन थेंब देऊन बघा. आमच्या कुत्र्याला दिलं होतं, गुण आला.

तीन_मांजरं_एक_घर
नाही! ताई, हे करू नका. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं. ते पचवून बाहेर टाकण्याची सोय मांजराच्या यकृतात पुरेशी नसते, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. छोट्या मात्रेनेही मांजरं गेलेली आहेत. निळी छत्री, तुमचा हेतू चांगला आहे, पण तो प्रतिसाद संपादकांना सांगून काढून टाका.

निळी_छत्री
मला माहीत नव्हतं. काढायला सांगितलं आहे.

तीन_मांजरं_एक_घर
ताई, दात फुटत होते म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांची. मग आईच्या जागी काहीतरी दिलं असणार तुम्ही. मोज्याच्या आधी ती कशावर मळायची?

जाई_मार्दोळ
आजीच्या वाकळीवर. आजीच्या जुन्या नऊवारींची वाकळ आहे, पहिल्या रात्री त्यातच गुंडाळली होती. रोज रात्री माझ्या पायाशी त्याच वाकळीवर मळून, कोपरा चोखून झोपायची. ते नेहमीचंच, म्हणून लिहिलं नाही. आता ती वाकळ नाहीये, चवथीच्या साफसफाईत दोन वेळा साबणाच्या पाण्यातून काढली आणि डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवली. पावसात बुरशी धरते म्हणून.

रानवाट
कधी?

जाई_मार्दोळ
मागच्या रविवारी. म्हणजे आठ-नऊ दिवस.

रानवाट
मग ती मोजा घेऊन फिरत नाही, वाकळ शोधत फिरते आहे. दीड वर्ष रोज पंजांनी लावलेला वास, तुमचा वास, आजीच्या कपड्यांचा वास, सगळं एका दिवसात धुतलं गेलं. मोजा लोकरीचा, मऊ, आणि भाचीच्या पायातला म्हणून घरच्या माणसाच्या वासाचा. मिळालं ते धरलं तिने.

तीन_मांजरं_एक_घर
डांबरगोळ्या आधी घरातून काढा. चाटल्या-गिळल्या तर विष आहेच, नुसत्या बंद खोलीतल्या वाफेचाही मांजराला त्रास होतो. रक्तपेशी आणि यकृत दोन्हींवर परिणाम. वाकळ तशीच तिला परत देऊ नका. दोन-तीन दिवस वाऱ्यावर टाका, वास पूर्ण जाऊ दे.

आणि मघापासून एक विचारायचं राहतंय. नुसती चोखते की तोडून गिळते? कानटोपी नीट बघा.

जाई_मार्दोळ (बुधवार, सकाळी ७:०५)
कानटोपीचा गोंडा नाही. सगळीकडे शोधला. मोज्याची वीणही एका बाजूने उसवली आहे, वीतभर धागा कमी. सकाळपासून दोनदा ओकली, पण मांजरं केस ओकतातच ना? काल रात्रीचं खाणं तसंच आहे.

तीन_मांजरं_एक_घर
आत्ता डॉक्टरकडे निघा. लेंग्याची नाडी एका टोकाला अडकवून ओढली की नेफा कसा गोळा होतो? पोटात धाग्याचं तसंच होतं. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, बाकीचा धागा पुढे सरकत राहतो, आतडं त्यावर चुण्या पडून गोळा होतं आणि कापलं जातं. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. तेल, केळं, दूध काही पाजू नका. मोजा सोबत न्या, किती धागा गेला ते डॉक्टरांना कळेल.

भाटातला
बरोबर सांगताहेत, बाय. माझं खोट्या गाभणीचं राहू दे. फोंड्यात दवाखाना उघडा नसेल तर पणजीला टोंकच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. माझी गाडी आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जाई_मार्दोळ (शुक्रवार, संध्याकाळी)
उशिरा लिहितेय, माफ करा. त्या दिवशी भाटातला यांनीच गाडीने नेलं, त्यांचे उपकार. डॉक्टरांनी जिभेखाली पाहिलं, धागा अडकलेला नव्हता. पोट चाचपलं, एक्स-रे काढला, पण लोकर त्यात दिसतेच असं नाही म्हणून सोनोग्राफीही केली. आतडं गोळा झालेलं नव्हतं. जठरात काहीतरी होतं. सलाईन दिलं, एक रात्र ठेवून घेतलं. पहाटे तिने गोंडा ओकून टाकला, अख्खा, त्याला गुंडाळलेला मोज्याचा धागा. मी तो हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. बोराएवढा होता, कसा गिळला असेल.

डॉक्टर म्हणाले, मळू द्या, चोखू द्या, पण लोकर आणि सुटे धागे घरात नकोत. चोखायला द्यायचं ते घट्ट विणीचं, मोठं, न उसवणारं. चावायला कोंबडीचं मांस थोडं जास्त, आणि रोज झोपायच्या आधी दोरीच्या मागे धावायचा खेळ, खेळ झाला की दोरी कपाटात. गिळणं सुरूच राहिलं तर पुन्हा आणायला सांगितलंय, त्यावर वेगळे उपचार आहेत.

काल वाकळ वाऱ्यावर होती, म्हणून माझा दोन दिवस वापरलेला सुती गाऊन तिच्या जागी घातला. तिने आधी खूप वेळ नुसता हुंगला. मग मळायला लागली. रात्री रडली नाही.

मोजे, कानटोप्या सगळं डब्यात बंद केलंय. सासूबाईंनी स्वतः केलं. तिला दवाखान्यात ठेवली त्या रात्री त्याही झोपल्या नव्हत्या.

आता एकच. चवथीला बावीस माणसं, आरत्या, घुमटवादन, फटाके. तिला कुठे ठेवू?

तीन_मांजरं_एक_घर
सगळ्यात आतली खोली, जिथे पाहुण्यांच्या पिशव्या ठेवल्या जाणार नाहीत. खाणं, पाणी, रेतीचा ट्रे, लपायला आडवं खोकं, आणि तो गाऊन. गाऊन धुवू नका. वाकळीचा वास गेला की ती गाऊनच्या शेजारी घाला, वर नको, तिची ती येईल. आणि आजपासूनच रोज पंधरा मिनिटं तिला त्या खोलीत दार लावून ठेवा, तुम्हीही सोबत बसा. चवथीच्या दिवशी ती खोली नवी वाटायला नको.

जाई_मार्दोळ
आता बसले आहे. दार लावलंय.

पोदेराचा_शेजारी
बरं वाटलं वाचून. भाटातला, बांदोड्याच्या त्या पोदेराचं दुकान नेमकं कुठे आहे?