धाप म्हणजे अशक्तपणाच असं नाही
'लिम्फोमाची (लसीका संस्थेच्या कॅन्सरची) केमो संपून दोन वर्षं झाली, आता लागणारी धाप अशक्तपणाचीच' असं कुणालाही वाटेल. तसं गृहीत धरू नका. आर-चॉप या लिम्फोमाच्या औषधसंचातलं ते लालभडक औषध डॉक्सोरुबिसिन (लघवीसुद्धा लाल होते, पहिल्यांदा घाबरायलाच होतं!) हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं, आणि ती कधीकधी वर्षांनी उघड होते. डोस आयुष्यभराचा एकत्र धरतात: केमोच्या एका सायकलला (फेरीला) शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ५० मिग्रॅ, म्हणजे सहा सायकलचे ३००. ४००च्या पुढे धोका झपाट्याने चढतो. म्हणून जुनी फाइल जपा. छातीला रेडिएशन झालं असेल तर झडपा, रक्तवाहिन्यांचा त्रास १०-२० वर्षांनीही निघतो. नडगीवर बोट दाबलं की खळगा राहतो (म्हणजे सूज आहे)? आडवं झाल्यावर धाप वाढते? मग लगेच डॉक्टरांना गाठा, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा आणि इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) केमोआधीच्या रिपोर्टशी ताडून बघा.