ट्यूब प्रीअँपला १० मीटर केबल लावली की ट्रेबल बसतो

व्हॉल्व्हवाला:
१२एएक्स७ची एकच स्टेज आहे. प्लेटला १०० के (किलोओहम), कॅथोडला १.५ के, एचटी (ट्यूबचा उच्च व्होल्टेज पुरवठा) ३०० व्होल्ट. आउटपुट सरळ प्लेटवरून, कपलिंग कॅपॅसिटरमधून. पुढे पॉवर अँप, इनपुट १०० के. १ मीटर केबलवर सगळं ठीक, १० मीटरची लावली की झांजा गोधडीखाली गेल्यासारख्या. भारीतली केबल घेऊन भागेल का? ट्यूबमध्ये दोन ट्रायोड (स्वतंत्र वर्धक) आहेत, दुसरा रिकामा आहे.

पिकोफॅरड:
सोन्याचा मुलामा, जाड तांबं यांचा इथे काडीचा उपयोग नाही. केबलचा एकच आकडा बघायचा, मीटरला किती पीएफ (पिकोफॅरड, कॅपॅसिटन्सचं एकक). साध्या शील्डेड केबलला साधारण १०० असतात. म्हणजे तुमचे १०००, अँपच्या इनपुटचे १०० धरा, एकूण ११०० पीएफ.

ट्यूबचा आतला रोध ६२ के. प्लेटच्या १०० केला समांतर धरला की ३८, अँपचे १०० के धरले की २७.५ के. हा रोध आणि ११०० पीएफ यांवरून ५.३ किलोहर्ट्झलाच ३ डीबी घसरण, १० किलोहर्ट्झला साडेसहा. १ मीटरला हाच बिंदू २९ किलोहर्ट्झवर जातो, म्हणून तिथे काही जाणवत नाही. ५० पीएफवाली केबल घेतलीत तरी ९.६ पर्यंतच पोचाल.

पण कॅथोडच्या १.५ केवर बायपास (समांतर लावलेला) कॅपॅसिटर आहे ना? नसेल तर ३८चे ६८ के होतात आणि ५.३ ऐवजी ३.६ किलोहर्ट्झ धरा.

व्हॉल्व्हवाला:
बायपास नाही. २५ मायक्रोफॅरड टाकला तर?

पिकोफॅरड:
ट्रेबल थोडा सुधारेल, पण गेन दुपटीहून वर जाईल. पुढचा अँप लवकर ओव्हरलोड होईल. मुळावर इलाज नव्हे तो.

कॅथोडकाका:
रिकामा ट्रायोड असताना केबलवर कशाला खर्च करता? कॅथोड फॉलोअर करा, म्हणजे गेन न देता कमी रोधाने केबल हाकणारी स्टेज.

पहिल्या ट्रायोडची प्लेट थेट दुसऱ्याच्या ग्रिडला (इनपुटला) जोडा. मध्ये १ के, अगदी पिनेजवळ, नाहीतर ऑसिलेशन होतं. दुसरी प्लेट सरळ एचटीला. कॅथोडपासून ग्राउंडला २२० के, १ वॅट. बऱ्याच सर्किटांत इथे १०० के दिसतो, पण या व्होल्टेजला मग ग्रिड करंट ओढू लागतो आणि आवाज दबतो. आउटपुट कॅथोडवरून घ्या: १ मायक्रोफॅरड ४०० व्होल्ट फिल्म, मग ४७० ओहम. कॅपॅसिटरच्या जॅककडच्या टोकापासून ग्राउंडला १ मेग (मेगओहम) टाकला नाही तर केबल जोडताना धप्प आवाज येतो. एवढं केलं की तुमची ती १० मीटर केबल लावूनही घसरण १०० किलोहर्ट्झच्या पलीकडे.

दोन गोष्टींत लोक फसतात. कॅथोड २०० व्होल्टच्या आसपास बसतो आणि हीटर आणि कॅथोडमधल्या व्होल्टेजची मर्यादा बहुतेक डेटाशीटांत १८० आहे. म्हणून एचटीवरून २२० के आणि ४७ केचा डिव्हायडर करून हीटरच्या सेंटर टॅपला सुमारे ५३ व्होल्ट द्या, ४७ केवर २२ मायक्रोफॅरड १०० व्होल्ट. आधीचं हीटरचं ग्राउंड मात्र तोडायचं, नाहीतर डिव्हायडर शॉर्ट. दुसरं, स्विच चालू केल्यावर ट्यूब थंड असताना ग्रिडवर पूर्ण ३०० व्होल्ट येतात. ग्रिडच्या पिनेपासून कॅथोडला १एन४१४८ डायोड लावा, पट्टी कॅथोडकडे.

हात घालण्याआधी फिल्टर कॅपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरने खात्री करा.

शील्डसखा:
१० मीटर केबल दोन कोअरची असेल तर दुसरी कोअर शील्डला जोडून ठेवू नका, पीएफ वाढतात. आणि छापील आकड्यावर विसंबू नका. दोन्ही टोकं मोकळी करून मीटरच्या कॅपॅसिटन्स रेंजवर कोअर ते शील्ड मोजा, प्रोबचे पीएफ वजा करा.

पिएझो (कंपनांतून व्होल्टेज देणारा स्फटिक) पिकअपवाल्यांनी हा हिशोब उचलू नये. पिएझो स्वतःच कॅपॅसिटर, त्यामुळे केबलने ट्रेबल नाही, सगळाच आवाज खाली जातो. बेस गेला तर इनपुट रोध कमी आहे: १००० पीएफच्या पिएझोला १ मेग दिला तर १५९ हर्ट्झखाली उतार लागतो, १० मेगला १६.