ऑपरेटिंग सिस्टिम बदलावी की आहे तीच ठेवावी? आपले अनुभव सांगा

मुद्रितशोधक

परवा घरच्या संगणकावर पडदाभर सूचना आली की विंडोज 10 चा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपलेला असून हा संगणक विंडोज 11 साठी पात्र नाही. ती वाचताना मला 2014 सालचा एप्रिल आठवला. त्या महिन्याच्या 8 तारखेला विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला, तेव्हा राजेंद्रनगरातल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकांची सगळी जुनी पाने एक्सपीच्याच एका संगणकावर होती. आमचे एक काका ती पाने कृतिदेव फाँटमध्ये टाइप करत आणि पेजमेकर या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लावत. इंदुरात हिंदी टायपिंग शिकलेल्या बहुतेकांचा हात कृतिदेववरच बसलेला असल्यामुळे मराठी मजकूरही त्याच फाँटमध्ये तयार होत असे.

नवा संगणक आला तेव्हा बसवून देणाऱ्याने फाइली नीट आणल्या, पण फाँट जुन्या डिस्कवरच राहिले. कृतिदेवमध्ये रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असल्यामुळे पान उघडले की जिथे ‘राम’ असायला हवा तिथे जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे उभी दिसत, आणि अशी शेकडो पाने होती. सुदैवाने जुनी डिस्क अजून विकलेली नव्हती. तिच्यातून फाँट आणून बसवले आणि पाने पुन्हा वाचता येऊ लागली. पेजमेकरची 7.0 ही शेवटची आवृत्ती 2001 साली आली होती, म्हणजे ज्या साधनावर आमचा सगळा संग्रह उभा होता ते तेव्हाच थांबलेले होते आणि आम्हाला त्याची कल्पना नव्हती. त्या प्रसंगानंतर मी प्रत्येक अंकाची पीडीएफ करून ठेवत आले आहे.

आज पुन्हा तोच निर्णय समोर आहे. नवा संगणक घ्यावा, जुन्यावर मुदतवाढ घ्यावी, की दुसरीच प्रणाली टाकावी? ज्यांनी हा निर्णय घेतला आहे त्यांनी काय पाहिले, कशासाठी थांबले आणि कशामुळे पुढे गेले, हे सविस्तर लिहावे. आपल्या अनुभवाचा इतरांनाही उपयोग होईल.

खातेवही

ताई, आमचे रामबागेत करसल्लागाराचे कार्यालय आहे आणि आमच्याकडे हा निर्णय तारखा पाहूनच होतो. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3-बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात, त्यामुळे या दोन तारखांच्या मधे कोणत्याही संगणकाला हात लावायचा नाही असा कार्यालयाचा नियम आहे. डिजिटल सहीचा टोकन, म्हणजे सही साठवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा, हा आमचा खरा प्रश्न असतो. टोकनचा ड्रायव्हर, सही करणारी छोटी उपयोजिका आणि ब्राउझर या तिघांचे जमले तरच सही होते, आणि प्रणाली बदलल्यावर यांतले एक जरी अडले तरी ग्राहक समोर बसून राहतो.

म्हणून आम्ही आधी एकच संगणक विंडोज 11 वर नेला, त्यावर पूर्ण एक महिन्याचे काम केले, प्रत्येक प्रकारच्या टोकनने सही करून पाहिली, छापखान्यासारखा आवाज करणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालतो का तेही तपासले, आणि मगच बाकीचे संगणक बदलले. प्रणाली बदलल्यावर पहिले 10 दिवस सेटिंग्जमधून मागे जाता येते, ही सोय लक्षात ठेवावी. त्या काळात जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये असते. जागा मोकळी करण्याच्या भरात तो फोल्डर कुणी पुसू नये.

कोपऱ्यातला एक संगणक अपात्र निघाला. त्यावर फक्त जुन्या वर्षांची खाती आहेत. त्याला मायक्रोसॉफ्टची मुदतवाढ घेतली, जिच्यामुळे सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळत राहतील. कार्यालयाला ती विकत घ्यावी लागते. घरच्या वापरासाठी मात्र मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे द्यावे लागत नाहीत. ताई, तुमच्या घरच्या संगणकाला हा मार्ग आज संध्याकाळीच खुला आहे. फक्त विंडोज 10 ची 22एच2 ही शेवटची आवृत्ती त्यावर असायला हवी.

सुदामानगर

‘पात्र नाही’ हे शब्द वाचून लगेच खरेदीला निघू नये, एवढे मला आग्रहाने सांगायचे आहे. आरएनटी मार्गावरच्या एका दुकानात आम्हाला नवा संगणक घ्यावाच लागेल असे सांगितले गेले, आणि किंमतही तिथल्या तिथे काढून दिली गेली. घरी येऊन मुलाने मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ चालवले. त्यात प्रोसेसर चालण्याजोगा होता आणि फक्त टीपीएम 2.0 (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय) सापडत नाही असे कारण दिले होते.

संगणक सुरू होताना एफ-2 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, गेलो. सिक्युरिटीच्या पानावर ‘पीटीटी’ अशी एक ओळ होती आणि तिच्यासमोर ‘डिसेबल्ड’ लिहिलेले होते. ती चालू करून जतन केल्यावर तोच संगणक पात्र ठरला. इंटेलच्या संगणकात टीपीएमची ओळ पीटीटी या नावाने असते आणि एएमडीच्या संगणकात एफटीपीएम या नावाने. प्रोसेसर मात्र आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर बायोसमध्ये शोधून उपयोग नाही. आय-5 नंतर येणारा चार आकडी क्रमांक 8 किंवा 9 ने सुरू होत असेल, किंवा क्रमांक त्याहून नव्या पिढीचा असेल, तरच पुढे पाहावे.

पुण्यातला इंदूरकर

वरच्या प्रतिसादाला एक जोड देतो, कारण माझे काम याच क्षेत्रातले आहे. बायोसमध्ये टीपीएमची ओळ बदलण्यापूर्वी डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहावे. चालू असेल आणि बायोस बदलला, तर पुढच्या वेळी संगणक 48 आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते, पण वडिलांच्या संगणकाला मुलाचे खाते जोडलेले असते आणि मुलगा परदेशात झोपलेला असतो, अशी अडचण मी अनेक घरांत पाहिली आहे. ती की आधी कागदावर उतरवून घ्यावी.

दुसरे म्हणजे, संगणक ‘लेगसी’ या जुन्या पद्धतीने सुरू होत असेल तर ‘यूईएफआय’ ही नवी पद्धत निवडण्याआधी डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारातून जीपीटी या नव्या प्रकारात बदलावी लागते. विंडोज 10 मध्ये त्यासाठी ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन आहे. नुसती ओळ बदलली तर विंडोज सुरूच होत नाही, आणि घरातले सगळे डिस्क गेली असे समजून घाबरतात.

गृहिणी_वैशालीनगर

कुकर होईपर्यंत लिहिते आहे, म्हणून थोडक्यात विचारते. आमचा लॅपटॉप विंडोज 10 वर इतका संथ आहे की 11 टाकल्यावर तो चालेल का अशी शंका येते. रॅम 4 जीबी आहे आणि डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची आहे.

पुण्यातला इंदूरकर

वहिनी, 4 जीबी ही विंडोज 11 ची किमान अट आहे, त्यामुळे ते बसेल, पण वापरताना तुम्हाला त्रास होईल. प्रणालीचा विचार करण्याआधी डिस्कच्या जागी एसएसडी ही न फिरणारी वेगवान डिस्क बसवा आणि रॅम 8 जीबी करा. तुमच्या वर्णनावरून संथपणाचे मूळ त्या फिरत्या डिस्कमध्ये दिसते. हे केल्यावर विंडोज 10 सुद्धा तुम्हाला वेगळेच वाटेल, आणि मग 11 चा निर्णय शांतपणे घेता येईल.

परीक्षानळी

मी एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते आणि आमचा निर्णय वर लिहिलेल्या सगळ्यांपेक्षा वेगळा झाला. रक्ततपासणीच्या एका यंत्राला जोडलेला संगणक विंडोज 7 वर चालतो, जिचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 रोजी संपला. यंत्र उत्तम चालते, पण त्याचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नाही आणि नवे सॉफ्टवेअर फक्त नव्या यंत्राबरोबर मिळते. यंत्राची किंमत पाहता ते आत्ता शक्य नाही.

मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या अनेक रुग्णालयांची कामे ठप्प झाली होती. ज्या त्रुटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, आणि फटका मुख्यतः तो न घेतलेल्या संगणकांना बसला. ही घटना आमच्या डॉक्टरांनी मनावर घेतली. तेव्हापासून यंत्राचा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही, त्याचे वाय-फायचे कार्ड काढून ठेवले आहे, आणि अहवाल सीरियल केबलने शेजारच्या अद्ययावत संगणकावर जातात. पेनड्राइव्ह लावायला सगळ्यांना मनाई आहे. संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर करून कपाटात ठेवली आहे, कारण ही डिस्क बंद पडली तर विंडोज 7 आणि ते सॉफ्टवेअर पुन्हा उभे करणारा माणूस आता मिळणे कठीण आहे.

ज्यांच्याकडे जुनी प्रणाली ठेवण्याचे असे ठोस कारण आहे त्यांनी ती जरूर ठेवावी, पण त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार आणि मेल करू नये, असे मी कळकळीने सांगेन.

षड्ज

मॅकवाल्यांच्या वतीने लिहिते. ऑक्टोबर 2019 मध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि तिने 32-बिट, म्हणजे जुन्या धाटणीचे, सॉफ्टवेअर चालवणे पूर्णपणे बंद केले. माझ्या गुरूंच्या तालमींचे ध्वनिमुद्रण ज्या सॉफ्टवेअरमध्ये होते ते 32-बिट होते. तिच्या आधीच्या मोहावे या आवृत्तीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडल्यावर ‘लेगसी सॉफ्टवेअर’ अशी यादी दिसत असे, आणि त्या यादीत सर्वांत वर माझ्या रोजच्या वापराचे नाव होते. ती यादी पाहिल्यावर मी अपग्रेड रोखून धरले, एकेक तालीम उघडून तानपुरा, आवाज आणि तबला यांचे वेगवेगळे ट्रॅक साध्या डब्ल्यूएव्ही फाइलींमध्ये काढले, त्या दोन डिस्कवर ठेवल्या आणि मगच पुढे गेले. या कामात मला बराच काळ लागला, पण आज ते ट्रॅक कोणत्याही संगणकावर उघडतात. ताई, तुमच्या पीडीएफची गोष्ट वाचून मला फार जवळचे वाटले.

आजोबा_लोकमान्यनगर

माझा लॅपटॉप 2013 सालचा आहे, त्यामुळे विंडोज 11 चा प्रश्नच नव्हता. नातीने विंडोजऐवजी लिनक्स मिंट 22 सुचवले. ते 2029 पर्यंत अद्ययावत राहणार आहे आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. तिने ते आधी पेनड्राइव्हवरून चालवून दाखवले. डिस्कवरचे काहीही न बदलता पडदा, आवाज, वाय-फाय आणि स्कॅनर चालतात की नाही हे तपासता आले, आणि माझ्यासारख्या माणसाला धीर आला तो त्यामुळेच.

मी निवृत्तीनंतर इनस्क्रिप्ट शिकलो आहे. मिंटमध्ये तोच मराठी कळफलक निवडता आला आणि हात जसेच्या तसे चालू लागले. आमच्या घराण्याच्या आठवणी मी लिब्रेऑफिसमध्ये लिहितो आहे. प्रिंटरने मात्र अडवले. त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलेला नाही, म्हणून मी पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणतो. टॅली किंवा डिजिटल सही ज्यांच्या रोजच्या कामात आहे त्यांना मी हा मार्ग सुचवणार नाही. ज्यांना लिहायचे, वाचायचे, मेल करायचे आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलायचे आहे, त्यांनी जुना लॅपटॉप भंगारात देण्यापूर्वी पेनड्राइव्हचा प्रयोग अवश्य करून पाहावा.

खातेवही

आजोबा, प्रिंटर नेटवर्कचा असेल तर ड्रायव्हरशिवायही पुष्कळदा चालतो. लिनक्स आता बहुतेक नवे वाय-फाय प्रिंटर आपोआप ओळखते. पुढच्या खेपेला घेताना एवढे पाहून घ्या.

मुद्रितशोधक

सर्वांचे मनापासून आभार. हेल्थ चेक चालवून पाहिले, आमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे, तेव्हा बायोसचा मार्ग बंद झाला. मुदतवाढीची नोंदणी काल रात्री केली आणि ती विनाशुल्क झाली. यंदाच्या स्मरणिकेचे काम याच संगणकावर पूर्ण करीन आणि नवा संगणक विसर्जनानंतर, ऑक्टोबरच्या 13 तारखेच्या आत घेईन. फाँटचे फोल्डर आजच वेगळ्या डिस्कवर ठेवले. आता एकच शंका उरली आहे. कृतिदेवमधला जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या पद्धतीत, नेण्याचा अनुभव कुणाला आहे का?

पुण्यातला इंदूरकर

ताई, रूपांतर करणारी साधने आहेत आणि ती बरीचशी बरोबर काम करतात, पण पहिला इकार आणि रफार या दोन जागा डोळ्यांत तेल घालून तपासाव्या लागतात. कृतिदेवमध्ये पहिला इकार व्यंजनाच्या आधी टाइप होतो आणि युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर साठवला जातो, त्यामुळे ‘स्थिती’सारख्या जोडाक्षराच्या शब्दात तो चुकीच्या अक्षराला जाऊन बसतो. ‘सर्व’ आणि ‘वर्ष’ यांचा रफारही असाच सरकतो. ‘ळ’ प्रत्येक ठिकाणी उतरला आहे का तेही पाहा, कारण काही साधने हिंदी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहेत. आधी एका अंकाची चारच पाने बदलून पाहा आणि जुन्या पीडीएफशेजारी ठेवून ओळीने वाचा. फाइली पाठवल्यात तर पहिल्या पानांचे मुद्रितशोधन मी आनंदाने करीन.