मदत हवी आहे : तौबाची नमाज पढतो पण गल्ल्यातल्या पैशाचं काय करू

अस्सलामु अलैकुम भाऊ-ताईहो, आम्ही मूळचे काटोलकडचे, आता नागपूरला, घरी मराठीच चालते, उर्दू धड वाचता येत नाही म्हणून इथंच विचारून राहिलो. आठ-नऊ वर्षांपूर्वी कॉटन मार्केटजवळ एका काकांच्या दुकानात हिशेबाला होतो तेव्हा गल्ल्यातून अधूनमधून शंभर-दोनशे काढायचो, असे करत करत चारेक हजार झाले असतील. आता रात्री झोप येत नाही. इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजेनंतर, नीट वजू करून (हातपाय-तोंड धुऊन) तौबाच्या, म्हणजे गुनाहाची माफी मागायच्या, दोन रकात (नमाजेच्या दोन फेऱ्या) पढतो, मग सजद्यात डोकं टेकून अस्तगफिरुल्लाह (अल्लाहकडे माफी मागतो) म्हणत राहतो, दुआ मात्र मराठीतच निघते, जानमाजवर (नमाजेच्या चटईवर) ओला डाग पडते इतका रडतो.

पण इमामसाहेब म्हणाले गुनाह सोडणं, पस्तावा आणि पुन्हा न करायचा पक्का इरादा, हे झालं अल्लाहसोबतचं, माणसाचा हक मारला असेल तर तो परत केल्याशिवाय तौबा पुरी होत नाही. इथंच गाडी अडली ना! काका वारले, दुकान बंद, पोरगा पुण्याला आहे म्हणे.

वारसाला पैसे द्यायचे हे समजते, पण चोरी केली असं तोंडानं सांगावंच लागते का, का गुपचूप पोहोचवले तरी चालते? पोरगा सापडलाच नाही तर काकांच्या वतीनं सदका, म्हणजे दान, देता येईल का, काका हिंदू होते म्हणून विचारतो. आणि असरनंतर, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेनंतर, ही तौबाची नमाज पढावी का नाही, दोघं दोन सांगतात. फक्त "अल्लाह माफ करणारा आहे" एवढंच लिहू नका बाप्पा, ते मलाही माहीत आहे.